१२.५८.५ लिटर

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी सतरा वर्षं हिशेब लिहितेय. दर दहा दिवसांनी बिल निघतं, आणि त्याच्या आदल्या रात्री सकाळ-संध्याकाळच्या लिटरची बेरीज करताना डोळे दुखून येतात. हे काम संगणकाकडून करून घ्यायचं, म्हणून एका हिवाळ्यात मी पायथन शिकायला घेतलं.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. ओळखीच्या एका मुलाला दाखवलं. त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, भराभर बोटं चालवली आणि दहा मिनिटांत सगळा कोड नवा लिहून दिला. त्याचा हेतू चांगलाच होता. पण पुढच्या आठवड्यात त्यात एक रकाना वाढवायचा झाला, तेव्हा मला त्यातलं अक्षर कळेना. माझा कोड मोडका असला तरी निदान माझा होता.

मग शेजारच्या वहिनींच्या मुलीला विचारलं. ती इचलकरंजीला इंजिनिअरिंगला आहे, रविवारी घरी येते. ती माझ्या बाजूला बसली आणि हात मांडीवरच ठेवले. म्हणाली, "काकू, तुम्हीच चालवा. आधी सांगा, उत्तर काय यायला हवं होतं आणि आलं काय?"

स्क्रीनवर लाल अक्षरांचा ढीग होता. मी वरून वाचायला लागले, तर तिनं थांबवलं. "शेवटची ओळ आधी." पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा असतो. काय बिघडलं ते तळाशी असतं, कुठे बिघडलं ते त्याच्या वर. तळाशी टाइपएरर होता. दशांश संख्येनं अक्षरांच्या माळेला गुणता येत नाही, असं तो सांगत होता. माळ कुठून आली? तिनं गुणाकाराच्या आधीच्या ओळीत बेरीज प्रिंट करायला लावली. सकाळचे १२.५ आणि संध्याकाळचे ८.५ मिळून आले १२.५८.५.

मी त्या आकड्याकडे बघतच राहिले. इनपुटमधून आलेली प्रत्येक गोष्ट पायथनला मजकूर असते, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे दुसरा चिकटवणं. दोन्हींना फ्लोट लावला, म्हणजे मजकुराची दशांश संख्या केली, आणि २१.० आले. हे तिनं आधीच सांगितलं असतं, तर मी मान डोलावून विसरले असते.

खरी भीती वाटली ती पुढच्या चुकीची, कारण तिथे एररच नव्हता. प्रत्येक सभासदाच्या नोंदी गोळा करणारं एक फंक्शन मी लिहिलं होतं. यादी दिली नाही तर रिकामी यादी धरायची, असं त्याच्या पहिल्या ओळीतच लिहिलं होतं. बिलं निघाली, आकडेही नीट दिसत होते. पण एकच म्हैस असलेल्या एका आजींच्या नावावर शंभरावर लिटर लागलं होतं! माझी नजर पडली नसती, तर चुकीचे पैसे वाटले गेले असते.

मुलीनं पुन्हा उत्तर दिलं नाही. फंक्शनमध्ये शिरल्याशिरल्या यादी प्रिंट करा, एवढंच म्हणाली. पहिल्या सभासदाला यादी रिकामी. दुसऱ्याच्या वेळी तीत पहिल्याचं दूध. तिसऱ्याच्या वेळी दोघांचं. मापाचं भांडं न उपसता पुढच्याचं दूध त्यातच ओतावं, तसं चाललं होतं. ती रिकामी यादी फंक्शन बनतानाच एकदा तयार होते, दर वेळी नवी होत नाही. आता मी तिथे नन, म्हणजे ‘काहीच नाही’, लिहिते आणि यादी आत बनवते.

त्यानंतर तिची परीक्षा आली, रविवार बंद झाले. मला कीएरर येऊ लागला. १०४ नंबरचा सभासद सापडत नाही म्हणे, आणि यादीत तर तो डोळ्यांसमोर. तासभर झगडल्यावर तिला मेसेज लिहायला बसले. तिच्याच पद्धतीनं: काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं. संपूर्ण फाईल पाठवायची नाही, गडबड दिसेल एवढ्याच दोन ओळी काढायच्या. सभासद यादीतली एक ओळ आणि रोजच्या संकलनातली एक, अशा खालीवर चिकटवल्या. तेव्हा दिसलं. जुनी यादी आमच्या आधीच्या कारकुनांनी मराठी आकड्यांत टाइप केली होती, संकलन इंग्रजी आकड्यांत. माझ्या डोळ्यांना दोन्ही एकशे चारच. मजकूर म्हणून पायथनला ते दोन वेगळे. दोन्हीकडे इंट लावला, म्हणजे मजकुराचे पूर्णांक केले, आणि जुळले. मेसेज पाठवलाच नाही.

परीक्षा संपवून आली तेव्हा तिला दाखवलं. ती म्हणाली, "थांबा काकू, इंटला मराठी आकडे चालतात?" तिला हे ठाऊक नव्हतं. आम्ही पुन्हा करून पाहिलं. मग तिनं पहिल्यांदाच माझा कीबोर्ड हातात घेतला आणि फ्लोटला मराठीत १२.५ दिले. त्यानं तेही घेतले.