बाटली

आमच्या बोरी गावात कापसाची वेचणी सरत आली की माय बाटली लावून घ्यायची. ‘अंगात त्राणच न्हाई बगा,’ एवढंच ती डॉक्टरांना सांगायची. सलाईन खिळ्याला अडकवायचं, त्यात बी-कॉम्प्लेक्स सोडलं की पाणी पिवळं व्हायचं. पिवळं म्हणजे ताकदीचं, असा गल्लीतल्या बायांचा हिशेब. माय खाटेवर पडून, आणि बाटली संपत आली की हाक मारायचं काम माझ्याकडं.

पुढं विज्ञान शिकताना त्या ताकदीचा हिशेब लागला. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. दोनतीन कप गोड चहात तेवढी सहज जाते. मायला सांगितलं, तर म्हणाली, ‘आसंल. पर मला बरं वाटतं.’

आणि ते खरंच होतं. हाताला सुई टोचलेल्या बाईला ‘पाणी आण’ म्हणायची हिंमत आमच्या आजीलाही नव्हती. तेवढा तास-दीड तास तिला कुणी हाक मारत नसे. आमच्याकडं बाईला हक्काची सुटी तेवढीच.

थकवा मात्र वेचणीचा नव्हताच. रान रिकामं असलेल्या उन्हाळ्यातही तो असायचा. पहाटे तीनला जाग, सकाळी अंथरुणातून उठवेना, दिवस कलल्यावर जरा हुशारी. आवडीच्या भजनाला जाणंही सुटलं. पण ती कधी रडली नाही, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

परभणीत नोकरी करताना तोच थकवा माझ्या वाट्याला आला. ना ऊन, ना ओझं, आणि रविवारभर झोपूनही सोमवारी केस विंचरायला हात उचलेना. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासलं. ते आधी बघायलाच हवं. सगळं ठीक निघालं. मग मनोविकारतज्ज्ञांनी विचारलं, ‘सकाळी जास्त जड जातं का?’ मला माय आठवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या तेव्हाच्या आजारांच्या यादीत नैराश्याची मुख्य लक्षणं तीन होती: उदासी, कशात रस न उरणं आणि लवकर थकणं. त्यांतली दोन, जोडीला झोप-भूक बिघडण्यासारखं आणखी काही, आणि हे सगळं दोन आठवडे टिकलं की निदान होऊ शकायचं. म्हणजे डोळ्यांत पाणी नसलं तरी चालतं.

२०१५ नंतर मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प आला, त्यात परभणीही होता. आशाताई प्रश्नावली घेऊन दारात आल्या. उदास वाटतं का? ‘न्हाई, उदास कशाला?’ झोप? ‘येत न्हाई.’ थकवा? माय हसली, ‘त्यो तर जलमाचा.’ आशाताईंनी परभणीला डॉक्टरांकडं जायला सांगितलं, मीही मागे लागले.

माय गेली, नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मायचा तेवढा धीर कुठला! ‘बाटलीनं लगीच बरं वाटायचं,’ हे पालुपद तिनं महिनाभर चालवलं. मग झोप लागू लागली, आणि एका एकादशीला ती आपणहून भजनाला गेली.

आता दुपारी दीड तास मायला कुणी हाक मारायची नाही, असा घरात नियम केलाय. भावजयीनंही तेवढाच वेळ मागितलाय. भाऊ म्हणतो, बघू.