डावा हात, उजवा हात

आमच्या गावात त्याला सगळे ‘बेंजो’ म्हणतात. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. पुस्तकी नाव बुलबुलतरंग. जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. त्याचेच हे भारतीय भावंड. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. काही तारांवर गाण्याची चाल वाजते, बाकीच्या नुसत्या एका सुरात घुमत राहतात.

वरातीतले वाद्य म्हणून जाणकार त्याच्याकडे नाक मुरडतात. मींड निघत नाही, हा त्यांचा आक्षेप खराच आहे. दोन बटणांच्या मधला सूर येथे मिळत नाही. पण छेडलेल्या तारेचा आवाज लगेच विरू लागतो. लांब सूर हवा तर उजव्या हाताने ती भराभर छेडत राहावे लागते. हे कष्ट आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा करून पाहावेत!

माझ्या मामांनी पंचवीस वर्षे वरातीत बेंजो वाजवला. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हातातली शक्ती गेली आणि पेटी माळ्यावर गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी ती खाली काढली, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, तुला कशाला हे? तू कॉलेजात जातीस.” घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी कशाला हात लावू नये याची यादी मोठी आहे. मामी मात्र चुलीपासून म्हणाली, “शिकवा की. तेवढाच तुमचा जीव रमंल.”

मग तोड निघाली. बटणांवर मामांचा डावा हात, तारांवर माझा उजवा. “आधी बटण बसू दे, मग तार मार. घाई केलीस की किरकिरतंय.” पहिले आठ दिवस नुसते किरकिरलेच. नंतर हळूहळू चाल ओळखू येऊ लागली. त्यांचे बोट एका सुरावर थांबले की तो जिवंत ठेवायचे काम माझे. मनगट भरून येई, हात थांबे, सूर विझे. मामा काही बोलत नसत; बोट तसेच दाबून वाट पाहत.

परवा त्यांनी आपला हात बटणांवरून उचलला. “आता दोन्ही तुझे.” मी सा पासून म पर्यंत गेले. पंचमाचे बटण दाबले की वर येत नाही. त्याची स्प्रिंग आणायला शनिवारी बाजारात जायचे आहे.