कुंभार्लीचा चढ

मुंबई-गोवा महामार्गाशी माझं जुनं वैर आहे. त्यामुळे कोकणातून वर यायचं म्हटलं की मी घाट शोधतो, आणि त्यातही कुंभार्ली. चिपळूण सोडलं की अलोरे, शिरगाव, पोफळी मागे टाकत रस्ता थेट सह्याद्रीला भिडतो. वर हेळवाकला पोचेपर्यंत हवा बदललेली असते. आंबा घाट जास्त देखणा आहे असं लोक म्हणतात. असेल. पण तिथे दर वळणावर कुणीतरी रस्त्यात उभं राहून फोटो काढत असतं.

या खेपेला गुहागरचे दिवस पोहणं, आमरस आणि दुपारच्या झोपा यांत संपले. सांगण्यासारखं जे काही घडलं ते परतताना, पोफळीच्या वर.

गाडी आमची जुनी, डिझेलवरची, सात जणांची. सपाटीवर तिच्याबद्दल ब्र काढायची सोय नाही. चढ लागला की मात्र तिसऱ्या गिअरला दम तोडते, दुसऱ्यात टाकली तर इंजिन नुसतं ओरडतं, मागे काळा धूर, आणि पुढे तापमानाचा काटा हळूहळू लालाकडे. निघण्यापूर्वी पुण्यातल्या एका वर्कशॉपने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, नवं कूलंट भरलं आणि भलंमोठं बिल देऊन ‘ओके’ म्हणून सांगितलं. ट्रायल त्यांनी कुठे घेतली होती? वर्कशॉपच्या मागच्या सपाट रस्त्यावर.

एप्रिलची दुपार. पोफळीच्या पुढची वळणं सुरू झाली आणि काटा चढला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. पण ती बाहेर पडते ती आपल्याच पायांवर. मागून बायको म्हणाली, “त्यापेक्षा मी चालत येते.” शेजारी बसलेल्या मेहुण्याने तेवढ्यात निदान करून टाकलं होतं. “दाजी, हेडगॅस्केट गेलंय. खर्च मोठा आहे.” हा माणूस विमा कंपनीत आहे.

काटा लालाला टेकायच्या आत एका रुंद वळणावर गाडी घेतली. मेहुणा बॉनेट उघडून रुमालाने रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला होता, त्याला मागे ओढलं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि तेच पाणी तोंडावर येतं. बराच वेळ माकडं बघत बसलो. काटा उतरल्यावर गाडी वळवली आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, सावकाश शिरगावपर्यंत खाली आलो.

तिथे रस्त्याकडेला पत्र्याची शेड, बाहेर जुन्या टायरांची चळत, आत जीपच्या खाली झोपलेला एक माणूस. मिस्त्री मूळचे पाटणकडचे, पन्नाशीचे असावेत. बाहेर आले, हात पुसले, आणि बॉनेटकडे न बघता प्रश्न विचारायला लागले.

“सपाटीला तापती का?”

“नाही.”

“उतारावर?”

“नाही.”

“धूर काळा का पांढरा?”

“काळा.”

“मंग हेडगॅस्केट न्हाई.” मेहुणा काही बोलायच्या आत त्यांनी ऑइलचं झाकण काढून दाखवलं. आत साय धरल्यासारखं काही नव्हतं, कूलंटच्या बाटलीतही तेलाचा तवंग नव्हता. मग त्यांनी चारही चाकांच्या डिस्कांजवळ हात नेऊन पाहिला. ब्रेक चिकटले असले तर गाडी ओढत नाही, इंजिन तापतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात, असं म्हणाले. चाकं ठीक होती.

पुढचा प्रकार मी प्रथमच पाहिला. इंजिन गरम असतानाच बंद करायला लावलं आणि त्यांनी बोटाने पंख्याचं पातं ढकललं. पंखा निवांत गरगरला.

“ह्यो बघा चोर. गरम इंजिनाला पंखा असा फिराय नाय पायजे. आडायला पायजे.”

आमच्या गाडीचा पंखा विजेवर नाही, इंजिनावर चालतो, आणि मध्ये एक कपलिंग असतं. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल. रेडिएटरकडून येणारी हवा तापली की ते कपलिंग पकड घेतं आणि पंखा जोरात फिरतो. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. महामार्गावर समोरचा वारा सगळं सांभाळून घेतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. घाटात वेग वीसवर येतो, वारा नाही, आणि सगळा भार या मेलेल्या पंख्यावर.

“पण मग ओढ का नाही?” मी विचारलं. मला वाटलं, आता हेही पंख्यावर ढकलतील.

“त्ये येगळं. चला.”

ते शेजारी बसले, मेहुण्याला शेडमध्येच ठेवलं (हा त्या दिवसातला सर्वांत सुखाचा भाग), आणि पहिल्या चढावर मला म्हणाले, दाबा. डोकं खिडकीबाहेर काढून ऐकत होते. मला इंजिनाखेरीज काही ऐकू आलं नाही. त्यांना फुस्स ऐकू आलं. परत आल्यावर खाली शिरून त्यांनी टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा जाड रबरी पाईप दाखवला. क्लॅम्पजवळ, खालच्या अंगाला, बोटभर चीर, आणि भोवती तेलकट काळा डाग. गाडी उभी असताना चीर मिटलेली. जोर लावला की दाबाने उघडणार.

“फुंकनीला भोक पडल्यावर चूल पेटंल का?” मिस्त्री म्हणाले.

मग सगळं जुळलं. हवा कमी, म्हणून डिझेल अर्धवट जळतं, म्हणून धूर काळा आणि ताकद नाही. ताकद नाही म्हणून आपण आणखी दाबतो, खालच्या गिअरला टाकतो, आणखी उष्णता, आणखी कमी वेग. हे दोन बिघाड एकमेकांना हात देत होते, आणि उभ्या गाडीत दोन्ही लपत होते. वर्कशॉपने उभी गाडीच तपासली होती.

पाईप पुरेसा लांब होता. चिरलेलं टोक कापून त्यांनी नव्या क्लॅम्पने आवळला. कपलिंगला भोकं पाडून दोन बोल्ट मारले, की पंखा आता कायम इंजिनाबरोबर फिरणार. “कराडला नवं टाका. तवर सपाटीला जास्त पळवू नका.” रेडिएटरच्या पुढची एसीची जाळीही पाण्याने धुतली, तिच्यातून चिखल आणि किड्यांचा लगदा निघाला.

काम चालू असताना मिस्त्रींनी डोंगराकडे हात केला. वडील कोयना वीज प्रकल्पाच्या बोगद्यांत कामाला होते म्हणे. कोयना मला बाहेरून ठाऊक होती: 103 मीटर उंचीचं धरण, 1967चा भूकंप. पण पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे आणि धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचं पाणी तिथे सुमारे 475 मीटर खाली कोसळतं, हे कळल्यावर मी चहा विसरलो. (चहा गोडमिट्ट होता, विसरणं अवघड नव्हतं.) महाबळेश्वरला उगम पावून कराडला कृष्णेला मिळणारी नदी, तिचं पाणी माणसाने पश्चिमेला वळवून चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं. पोफळीनंतर तेच पाणी कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याच्या वीजघरात पुन्हा राबवतात. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट. तेवढी उंची उतरून पाणी एवढी वीज देतं, आणि तीच उंची चढताना आमची गाडी धापा टाकते.

मिस्त्रींनी पैसे सांगितले. मेहुण्याने तोंड उघडलं. बहिणीने डोळे वटारताच मिटलं.

घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. धूर नाही, काटा मध्यावर. पंख्याच्या घरघरीत मात्र एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि मला त्याची मुळीच तक्रार नव्हती.

कराडात स्पेअर पार्टवाला म्हणाला, कपलिंग कोल्हापूरहून मागवावं लागेल, उद्या दुपारी येईल. बायकोची मावशी कराडातच असते. मुक्काम वाढल्याचं माझ्याखेरीज कुणालाच वाईट वाटलं नाही.