खिशातला गूळ

अण्णा,

खुंटीवरच्या निळ्या शर्टाच्या खिशाकडे मुंग्यांची रांग लागली होती, आठवतं? मी खिसा उलटा केला, तर गुळाचा खडा. केवढी ओरडले होते तुमच्यावर! आणि तुम्ही पंचाहत्तराव्या वर्षी गृहपाठ न केलेल्या पोरासारखे खाली बघत उभे.

‘कॅन्सर साखरेवर पोसतो’ हे मी कुठून उचललं, कोण जाणे. दोन वर्षं तुम्हाला बिनसाखरेचा चहा पाजला. स्कॅनच्या दिवशी शिरेतून किरणोत्सारी साखरच टोचली, तेव्हा काय म्हणालात? “घरात बंदी, आणि इथे सुईने देतात!” त्या स्कॅनमध्ये जवळजवळ काहीच दिसलं नाही. आपण खूश. महिन्याभराने गॅलियमच्या स्कॅनमध्ये मात्र मणक्यात ठिपके.

असं का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आत्ता वाचत बसलेय. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे ओटो वारबुर्गने १९२०च्या दशकात दाखवलं. प्रोस्टेटचा सुरुवातीचा कॅन्सर मात्र बहुधा तसा नसतो. साखरेच्या स्कॅनला तो हुलकावणी देतो. गॅलियमवाला स्कॅन पेशीवरचं पीएसएमए नावाचं प्रथिन शोधतो, म्हणून तिथे सापडतो.

पंगतीत वाढणाऱ्याने शेवटी जेवायचं, हा तुमचा नियम ना? प्रोस्टेटची निरोगी पेशी तो पाळते. सायट्रेट बनवते, पण स्वतः फारसं जाळत नाही, ग्रंथीच्या स्रावात सोडून देते. तिच्यात साठलेलं जस्त हे सायट्रेट जाळणाऱ्या एन्झाइमचा हात धरून ठेवतं. कॅन्सरमध्ये हे जस्त आत आणणारं झिप-१ जनुक मंदावतं, जस्त घटतं, आणि वाढपीच ताटावर बसतो. चरबी बनवणारं फॅटी ॲसिड सिंथेजचं जनुकही जोरात चालू होतं. रोग फार पुढे गेला की साखरही ओढतो, खरंय. पण चहातला चमचा बंद केल्याने तो उपाशी राहत नाही. रक्तातली साखर शरीर राखतंच. आणि तुम्हाला तर मधुमेहही नव्हता.

मग दोन वर्षं मी उपाशी ठेवलं कुणाला?

तुम्हीही एकदा तरी रागवायचं होतंत. नुसतं “पुरे गं” म्हणून कप सरकवायचात.

काल आईने फोटोपुढे चहा ठेवला. किती साखर घातलीस, मी विचारलं. “दोन चमचे,” ती म्हणाली. मग बशी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, “गूळ मीच देत होते.”