उन्हातलं ऊन

मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू नये, असं आमच्या बडोद्यात अजूनही बरेच जण सांगतात. डॉक्टर म्हणाले, ही समजूत जुन्या काळची, टाके घालून बरेच दिवस पट्टी बांधून पडावं लागायचं तेव्हाची. आता ऋतूचा काही संबंध नाही. मला ते सोयीचंच झालं. एप्रिलच्या शेवटी उजव्या डोळ्याचं करून टाकलं.

ऑपरेशन झालं कधी ते कळलंही नाही. नंतर हातात दिलेली यादी मात्र मोठी होती. थेंब घालायचे, काळा चष्मा लावायचा, खाली वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. नव्या नंबरचा चष्मा महिन्या-सव्वा महिन्याने. डावा डोळा आधीच धूसर, त्यामुळे तोवर पुस्तकातली अक्षरं दिसणं कठीणच. माझा उन्हाळा तीन गोष्टींवर चालतो: सकाळी बाग, दुपारी विणकाम, संध्याकाळी पुस्तक. त्यातल्या दोन त्या एका कागदाने काढून घेतल्या.

तुम्ही म्हणाल, महिन्याचा तर प्रश्न आहे, मोबाइलवर काहीतरी ऐकत पडायचं. ऐकलं की. पण माझ्या आईला काचबिंदू होता, आणि शेवटची सहा वर्षं तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. काळा चष्मा लावून मी हिंचक्यावर बसले तेव्हा अगदी तिच्याच जागी बसले होते. उद्या माझ्यावर अशी वेळ आली तर माझ्याजवळ काय उरेल, हा प्रश्न त्या दुपारी डोक्यातून जाईना. यजमान गेल्यापासून दुपारी घरात बोलायलाही कुणी नसतं.

त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागली आणि माझ्या भाच्याची मुलगी दिवसभर माझ्याकडे राहायला येऊ लागली. वय तेरा. तिचे आईबाबा दोघंही नोकरीवर. साडेसातला सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. तिने मला सांभाळायचं की मी तिला, हे कुणीच स्पष्ट केलं नाही.

पहिलं काम बागेचं. बाग म्हणजे अंगणातल्या वीस-बावीस कुंड्या, एक कढीपत्ता आणि अळूचा वाफा. मी हिंचक्यावरून सूचना द्यायच्या, तिने पाणी घालायचं. मुलीने पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता मान टाकलेली झाडं पाहिली आणि बादली घेऊन धावली. तिला थांबवलं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळांना त्याच वेगाने वर पाठवता येत नाही. माती ओली असली तरी झाड दुपारी मलूल होतं आणि सूर्य कलला की आपोआप ताठ होतं. तेव्हा मातीत दोन पेरं बोट घालून बघायचं. ओलं लागलं तर पाणी नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्या कुंड्यांत बोटं घालत फिरायला लागली. आजीची नाडी बघावी तशी.

अळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेलं एक मातीचं मडकं आहे. ते भरून वर झाकणी ठेवायची. पाणी हळूहळू पाझरून मुळांपाशी जातं. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की मडकं किती वेळात रिकामं होतं याची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्हायला लागली. कुंड्यांत वाळल्या पानांचा थर तिनेच घातला. आणि मोगरा! जानेवारीत छाटून, पाणी तोडून, मग शेणखत दिलेला मोगरा मे महिन्यात काय फुलतो ते सांगून कळत नाही. संध्याकाळी मिटलेल्या टपोऱ्या कळ्या तोडायच्या, रात्री त्या वाटीत उमलतात. घरी जाताना ती रुमालात थोड्या घेऊन जायची.

वाचनाची कल्पना तिची नाही, माझी. तिला स्पष्टच सांगितलं, तू माझे डोळे हो. पुस्तक काढलं ते ‘स्मृतिचित्रे’. माझं जुनंच, पानं पिवळी पडलेलं. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे माझ्यापेक्षा बरं चाललं होतं त्यांचं.”

यात खोटं काही नव्हतं. आमच्या घरांत मराठी बोलतात सगळे. पण ही मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर गुजराती आणि देवनागरी म्हणून फक्त हिंदीच्या तासाला वाचतात. अक्षरं ओळखीची, शब्द घरातले, तरी दोन्ही जुळेनात. ‘चमचा’ तोंडाने बरोबर म्हणणारी मुलगी पुस्तकातला ‘चाक’ हिंदीसारखा वाचत होती. ‘जर’ आणि ‘जन्म’ यांतले दोन वेगळे ज कागदावर सारखेच दिसतात, मग कसं कळणार, हा तिचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. कळत नाही, ऐकलेलं असावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला तो आडवा र तर तिने पहिल्या पानावर डाग समजून सोडून दिला.

पहिल्या दिवशी दीड पान झालं. मी मधे मधे दुरुस्त करत नव्हते. वाक्य संपलं की फक्त तेच वाक्य माझ्या तोंडाने म्हणायचे. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाच्या गोष्टी आल्या आणि गाडी रुळावर आली. हसताना अडखळायला वेळच मिळत नव्हता. आठवड्याभरात सहा-सात पानं एका बैठकीत व्हायला लागली.

मी तिच्या वयाची असताना वडील मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून राज्यातल्या वाचनालयांची घडी बसवली होती. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवायचे. लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. हे सांगितल्यावर ती म्हणाली, डोळा बरा झाला की आपण जाऊ. जूनमध्ये जायचं ठरलं आहे.

आता विणकाम. टोरांटोत माझा नातू डिसेंबरमध्ये एक वर्षाचा होईल, त्याचा स्वेटर मी मार्चमध्येच घालायला घेणार होते. लोकर आणायला भाचा गेला तर दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला: “आ गरमीमां ऊन?” गुजरातीत ऊन म्हणजे लोकर. आमच्यासारख्या मराठी माणसाला ते वाक्य असं ऐकू येतं, की या गरमीत आणखी ऊन कशाला! बडोद्यात हा विनोद घरोघरी झालेला आहे, तरी दर वर्षी होतो.

मी डोळे मिटून विणायचं ठरवलं. आई तशीच विणायची. शेवटपर्यंत विणत होती. दहा नंबरच्या सुया, पाठीला ८० टाके, दर दहा टाक्यांनंतर दोऱ्याची एक कडी अडकवलेली, म्हणजे मोजायला बोटं पुरतात. दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं. त्याच्या आडव्या रेघा उठतात, त्या बोटाला लागतात, ओळी मोजता येतात. जाळी, वेणी असली हौस नाही. तळव्याला घाम येऊन लोकर चिकटते, म्हणून हाताला जराशी पावडर आणि डोक्यावर पंखा. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या, तेव्हा मी मुलीला पुढचं पान लगेच वाचू दिलं नाही. जरा वेळ तशीच बसून राहिले. पोरीने पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही.

मग तिलाही सुया हव्या झाल्या. वाचन आणि विणकाम दोन्ही एका वेळी तिला जमेना, तेव्हा आळीपाळी ठरली: अर्धा तास ती वाचायची, अर्धा तास दोघी विणायच्या. जुन्या लोकरीवर हात बसल्यावर तिला एक बाही दिली. तिची वीण घट्ट आहे, माझी सैल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चष्मा आला. दुसऱ्या आठवड्यात तिची शाळा सुरू झाली. पुस्तक अर्ध्यावर आहे आणि ते मी एकटीने पुढे वाचायचं नाही अशी तिने ताकीद दिली आहे. दोन्ही बाह्या तिनेच विणायच्या असंही ठरलं, म्हणजे घट्ट तर घट्ट, सारख्या तरी होतील.

परवा तिचा मेसेज आला. एरवी ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते. हा देवनागरीत होता. “आत्याआजी, मोगऱ्याचे शेंडे खुडलेस का? आणि दुसऱ्या बाहीला किती टाके घेऊ?”

छत्तीस, असं मी लिहून पाठवलं.