कुंपण छाटायचं मशीन घेताना



आपल्या फर्दापूरला अजिंठ्याचा डोंगर लागून, मका भरला की रानडुकरं येतात. म्हणून बांधावरची मेंदी-करवंद दाट पाहिजे, विशेषतः खालून. वरवर सपाट छाटलं तर खाली ऊन पोचत नाही, बुडखा उघडा पडतो आणि डुकराला वाट होते. छाटणी बुडाला रुंद, शेंड्याला निमुळती ठेवा.

आता मशीन. वायरवालं शेतात नको, चालता चालता वायरच पात्यात येते. घरापुढच्या मेंदीला बॅटरीचं बरं, हलकं असतं. लांब बांधाला पेट्रोलचं. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल पुस्तिकेत दिलंय तेवढंच टाका. घेताना हातात धरून बघा, पाच मिनिटांत खांदा भरून आला तर ते आपलं नाही. दातांच्या फटीत मावेल तेवढीच फांदी कापते, जाड करवंदाला कोयताच लागतो.

सुरू करण्याआधी काठीनं कुंपण हलवून बघा. आत जुनी तार, गांधीलमाशांचं पोळं, साप, पाखराचं घरटं, काहीही असतं. शेजाऱ्यानं तारेत करंट सोडलाय का, ते विचाराच. डोळ्याला चष्मा, पायात बूट, अंगात पूर्ण बाह्या. गळ्यात उपरणं नको. मशीन दोन्ही हातांनी धरा, शिडीवर चढून चालवू नका.

फांदी अडकली तर आधी बंद करा, पातं थांबू द्या, बॅटरी किंवा प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. गड्याच्या हातात देतानाही हे सगळं सांगा. मजुरी दिवसाची असते, बोटं जन्माची.

तुमच्याकडं कुंपणाला काय लावलंय? कळवा.