14 पैकी 2

काखेतल्या गाठींत कॅन्सर गेला की माणूस हातचं गेलं, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मूर्तिजापूरच्या मावशीचं तसंच झालं होतं. तिचं दुखणं घरात कळलं तेव्हा काख भरून आली होती, स्तनावरची कातडी फुटली होती. मावशी गेली ती उशिरामुळे. मी दोष काखेला दिला.

म्हणून वहिनीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात काखेतल्या 14 पैकी 2 गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर निघाला, तेव्हा दादाला बाजूला घेऊन मी म्हणालो, "वावर विकू नको. पोराईचं पाह्य." वहिनी चालत-बोलत होती, स्वयंपाक करत होती आणि मी तिच्यावरचा खर्च वाया जाणार असं ठरवून मोकळा झालो होतो. याला मी व्यवहार समजत होतो. आजारी दादा असता तर वहिनीला हाच सल्ला दिला असता का? नसता दिला.

दादाने ऐकलं नाही. पुढच्या उपचारांसाठी त्याने मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठायचं ठरवलं, सोबत मीही गेलो. उतरलो दादरला, आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. तिथे खामगावकडची एक बाई तपासणीला आली होती. डावा हात सुजलेला, त्यावर मनगटापासून दंडापर्यंत घट्ट बाही चढवलेली. काखेतल्या गाठी काढल्यावर काहींना अशी सूज येते. वहिनीचा रिपोर्ट ऐकून ती म्हणाली, "दोनच? माह्या पाच निंगाल्या होत्या." तिच्या ऑपरेशनला आठ वर्षं झाली होती. मधल्या काळात पोरीचं लग्न उरकलं होतं. बोलता बोलता त्याच हाताने तिने वहिनीच्या ताटात भाकर वाढली. मी त्या हाताकडे पाहतच राहिलो. एका बाईवरून नियम काढता येत नाही, हे मला कळत होतं. पण मग मावशी तरी एकच होती ना? तिच्यावरून मी वहिनीचा निकाल लावून टाकला होता.

डॉक्टरांना मी धड प्रश्न विचारले ते त्यानंतर. 1 ते 3 गाठी, 4 ते 9, 10 किंवा अधिक, अशा पायऱ्या असतात आणि पायरीगणिक धोका वाढतो. स्तनातल्या मूळ गाठीचा आकार, ग्रेड, ईआर-पीआर आणि हर-टू या चाचण्यांचे निकाल यांचाही हिशेब त्यात असतो. धोका वाढतो म्हणूनच केमो, रेडिएशन, गोळ्या ठरतात. पुढे झेड-0011 या अभ्यासाबद्दल वाचलं. त्यातल्या बायकांची मूळ गाठ 5 सेंटिमीटरपर्यंतची होती, काखेत हाताला काही लागत नव्हतं, पण आधी तपासलेल्या 1-2 गाठींत कॅन्सर होता. स्तन राखून ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. काखेतल्या बाकीच्या गाठी न काढलेल्यांपैकी 86.3 टक्के आणि काढलेल्यांपैकी 83.6 टक्के बायका 10 वर्षांनी हयात होत्या. हे 2017 साली छापून आलं. वहिनीची केस हुबेहूब तशी नव्हती, पण काखेत गेला म्हणजे संपलं, हे माझं गणित तिथेच मोडलं.

वहिनीची केमो झाली, टॅमोक्सिफेनच्या गोळ्या चालू आहेत. दादाला काय म्हणालो होतो ते मी तिला सांगून टाकलं. "मले माहीत होतं," एवढंच ती म्हणाली.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना आधी विचारा, कितीपैकी किती आणि पुढचा उपचार कोणता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तीही चौकशी करा. वावराचं त्यानंतर बोला, आणि ते जिचं दुखणं आहे तिच्यासमोर बोला.